सुरक्षित हार्डवेअर वॉलेटची रचना कशी करावी

हार्डवेअर वॉलेट म्हणजे बिटकॉइनसारख्या आभासी चलनाच्या गुप्त किल्ल्या सांभाळणारे छोटे उपकरण. त्याचा आराखडा आखताना, ज्या संगणकाला ते जोडले जाणार आहे त्यात आधीच घुसखोरी झाली आहे, असे धरूनच चालावे. प्रायव्हेट की, म्हणजे पैसे पाठवण्याचा अधिकार देणारी गुप्त संख्या, उपकरणातच तयार व्हावी, तिथेच राहावी आणि बाहेर फक्त व्यवहारावरची डिजिटल सही जावी.

सुरुवात यादृच्छिक संख्येपासून होते. चिपमधल्या जनरेटरवर एकट्यावर न विसंबता दुसऱ्या स्रोताची भर घालून दोन्ही हॅशने, म्हणजे माहितीचा ठरावीक लांबीचा ठसा काढणाऱ्या गणिती क्रियेने, एकत्र करावेत. त्यातून मिळालेल्या १२८ किंवा २५६ बिटांपासून बीआयपी-३९ या प्रमाणित पद्धतीनुसार, २०४८ शब्दांच्या यादीतले १२ किंवा २४ शब्द तयार करावेत; उपकरण हरवले तर याच शब्दांवरून किल्ल्या परत मिळतात. सहीसाठी लागणारा नॉन्स, म्हणजे एकदाच वापरायची संख्या, आरएफसी ६९७९ या मानकाप्रमाणे काढावा; २०१३ मध्ये अँड्रॉइडमधील सदोष जनरेटरमुळे नॉन्स पुन्हा वापरले गेले, त्यावरून प्रायव्हेट की काढता आली आणि लोकांचे बिटकॉइन चोरीला गेले.

माझ्या मते सर्वाधिक कष्ट पडद्यावर घ्यावेत. संगणकातला व्हायरस पैसे जिथे पाठवायचे तो पत्ता, म्हणजे अक्षर-अंकांची लांब ओळ, बदलतो तेव्हा सुरुवातीची आणि शेवटची काही अक्षरे जुळणारा पत्ता निवडू शकतो, आणि माणूस नेमकी तेवढीच अक्षरे पाहतो. म्हणून संपूर्ण पत्ता चार-चार अक्षरांच्या गटांत, रक्कम आणि शुल्कासह, उपकरणाच्याच पडद्यावर दाखवावा आणि उपकरणावरचे बटण दाबल्याशिवाय सही होऊ देऊ नये.

उपकरण चोराच्या हाती पडेल, हेही गृहीत धरावे. जानेवारी २०२० मध्ये क्रेकेन या क्रिप्टो एक्स्चेंजच्या सिक्युरिटी लॅब्सने ट्रेझर या हार्डवेअर वॉलेटच्या साध्या मायक्रोकंट्रोलरचा वीजदाब क्षणभर बिघडवून त्यातले एन्क्रिप्ट केलेले सीड, म्हणजे ज्यातून सगळ्या किल्ल्या निघतात ते मूळ गुपित, बाहेर काढले, आणि त्यावरचा छोटा पिन फोडणे मग सोपे होते. त्यामुळे गुपित अशा हल्ल्यांना तोंड देणाऱ्या सिक्युअर एलिमेंट या खास चिपमध्ये ठेवावे. पिन चुकल्याची नोंद पिन तपासण्याआधीच स्मृतीत लिहावी आणि पिन बरोबर निघाल्यावरच ती पुसावी. क्रम उलटा ठेवला, तर चोर चुकीचा पिन कळताच वीज तोडतो आणि मोजणी पुढे सरकतच नाही. प्रत्येक चुकीनंतर थांबण्याचा काळ वाढवावा आणि ठरावीक चुकांनंतर सगळे पुसून टाकावे.

बूटलोडरने, म्हणजे उपकरण सुरू होताना आधी चालणाऱ्या प्रोग्रामने, फक्त निर्मात्याची सही असलेलेच फर्मवेअर (उपकरणातले मूळ सॉफ्टवेअर) चालवावे आणि त्रुटी असलेल्या जुन्या आवृत्तीकडे परतण्याची वाट बंद करावी. खोक्यावरच्या चकचकीत सीलवर भिस्त ठेवू नये, कारण त्याची नक्कल होते. उपकरण अस्सल आहे का, हे पहिल्याच जोडणीत चिपमधल्या प्रमाणपत्रावरून तपासावे. वॉलेटचे १२ किंवा २४ शब्द आधीच छापलेला कागद खोक्यात सापडला, तर ते शब्द दुसऱ्या कुणाला ठाऊक असल्याने ते उपकरण वापरू नये, असे माहितीपत्रकाच्या पहिल्याच ओळीत ठळक लिहावे.