चक्रम मंडळाचं दप्तर कसं लावावं

समजा, व्हरांड्यातल्या बंद घड्याळाचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार ठरला होता. नोटीस ऑफिसच्या भाषेत, जावक क्रमांकासकट, शिक्का बटाट्यावर कोरलेला. सांगलीतल्या कॉलेजच्या चक्रम मंडळाचा, म्हणजे गंभीर चेहऱ्याने थट्टा करणाऱ्या मुलांच्या टोळीचा, असा कागद चाळीस वर्षांनी नवख्याच्या हाती पडला, तर तो खराच धरला जातो. म्हणून कागद गोळा करताना प्रत्येकाच्या मागे कोपऱ्यात मऊ शिसपेन्सिलीने 'बनावट' लिहा, खाली वर्ष लिहा. बॉलपेन नको, त्याचा वळ पुढच्या बाजूला उमटतो. वर्ष 'एफवाय की टीवाय?' असं विचारून ठरवा आणि १९८६-८७ असं जोडून लिहा. गॅदरिंग डिसेंबर-जानेवारीत होत असल्याने नुसत्या सालात हमखास गोंधळ होतो.

सांगलीत निम्मे गठ्ठे २००५, २०१९ किंवा २०२१ च्या पुरात भिजून वाळलेले निघतील. सुका गाळ मऊ ब्रशने उघड्यावर झाडा. बुरशी असते, म्हणून तोंडाला मास्क हवाच. चिकटलेली पानं सुरीने उचकटू नका. शाईपेनाची अक्षरं पाण्याने फुटलेली असतात, पण सायक्लोस्टाईलची (स्टेन्सिलवरून प्रती काढायच्या जुन्या यंत्राची) शाई तेलकट असल्याने ती पत्रकं बहुतेक वाचता येतात. आशा सोडू नका. गंजलेल्या पिना मात्र लगेच काढा. सेलोटेप ओढू नका, सोबत कागदाचा थर येतो. झेरॉक्स प्रती पीव्हीसीच्या पारदर्शक फोल्डरमध्ये ठेवल्या की टोनर प्लास्टिकला चिकटतो आणि मजकूर तिकडेच जातो. त्यासाठी साधे कागदी लिफाफे उत्तम.

स्कॅनिंगला कागदांसाठी ३०० डीपीआय पुरतं, फोटोंना ६०० ठेवा. कॅसेटच्या रिळावर पांढरी बुरशी दिसली तर ती वाजवू नका, डेकचं हेड खराब होतं.

खरी मेहनत आठवणींची. कागद उरतो, पण गंमत भोवतालच्या माणसांत घडलेली असते. जुन्या मंडळींना आधी एकेकट्याने बोलतं करा, मग एकत्र बसवा. सुरुवातीलाच कट्टा भरवला तर ज्याला रंगवून सांगता येतं त्याचीच हकिकत सगळ्यांची होऊन बसते. पंखा बंद, रेकॉर्डिंगचा मोबाइल एअरप्लेन मोडवर आणि बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर. 'मजा आली का?' या प्रश्नातून काही निघत नाही. नोटीस कुठल्या बोर्डावर लावली? टाचणीने की खळीने? पहिल्यांदा कोण थांबलं? खरं कुणी मानलं? दुसऱ्या दिवशी कुणी उतरवली? हे शेवटचं शिपाईमामांना विचारा. त्यांची बाजू सहसा कुणीच नोंदवत नाही आणि तीच सर्वांत नेमकी असते.

ज्याने सत्काराचं सूत्रसंचालन केलं, त्याच्याकडून ती नोटीस त्याच गंभीर सुरात मोठ्याने वाचून घ्या. हा सगळा खेळ चेहरा न हलवण्यावर उभा होता. तो सूर रेकॉर्ड झाला नाही, तर पुढच्या वाचकाला नुसती चुकलेली नोटीस दिसेल.

फिशपाँडच्या, म्हणजे गॅदरिंगमध्ये वाचल्या जाणाऱ्या निनावी टोमण्यांच्या, चिठ्ठ्या वेगळ्या काढा. त्यांतल्या काही आज वाचताना बोचतात, विशेषतः मुलींच्या रंगावर, अंगावर लिहिलेल्या. त्या फाडू नका, पण संबंधित व्यक्तीला विचारल्याशिवाय नावासकट कुठेही टाकू नका. फजिती झालेल्या प्राध्यापकांचंही तसंच.

सगळ्याच्या तीन प्रती करा: दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर, एक ऑनलाइन. एक डिस्क सांगलीबाहेर, पुण्यात नोकरीला असलेल्या कुणाकडे द्या. मूळ कागदांची पेटी वरच्या मजल्यावर, बाहेरच्या भिंतीला टेकणार नाही अशी ठेवा.