पोर्शे ९४४ चा टायमिंग बेल्ट किती ताणायचा

टायमिंग बेल्ट म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा (क्रँक) आणि व्हॉल्व्ह उघडणारा दांडा (कॅम) यांना एकत्र फिरवणारा पट्टा. आधी एक गोष्ट, इंजिन गार पाहिजे म्हणजे पाहिजेच, मे महिन्यात म्हापशात दुपारी उभी असलेली गाडी गार नसते, रात्रभर सावलीत ठेवा आणि सकाळी उठल्या उठल्या कामाला लागा.

क्रँकच्या बोल्टला पाना लावून हातानेच क्लॉकवाइज दोन पूर्ण फेऱ्या द्या, फ्लायव्हीलची (क्रँकच्या टोकाच्या जड चाकाची) खूण आणि कॅमची खूण दोन्ही आपापल्या जागी जुळल्या पाहिजेत, नसेल तर पुढे जाऊ नका, या इंजिनात बेल्ट सटकला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि मग हेड उतरवायचा खर्च. जुळलं की क्रँक साधारण १० अंश उलटा फिरवा, मगच ताण मोजा. बेल्ट बोटांनी पिळून बघणं फक्त अंदाजाला ठीक, गेज (ताण मोजायचं साधन) मिळत असेल तर गेजच वापरा ना.

१९८७ पासूनच्या गाड्यांना स्प्रिंगचा टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) आहे, ते सोपं, जुन्यांना रोलर हातानेच सेट करावा लागतो. जास्त ताणला तर वॉटर पंपचं बेअरिंग जातं, कुईंऽऽ असा आवाज आला की समजा घट्ट झालाय. बॅलन्स शाफ्टचा (इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या दांड्यांचा) बेल्ट वेगळा असतो हं, तोही बघा. नवीन बेल्ट थोडा सैल पडतो, तेव्हा काही दिवस चालवून परत गार इंजिनवर चेक करा.