लॅनमोड्युलिनच्या कॉलमवर निओडिमियम पकडताना

निओडिमियमसारखे रेअर अर्थ (दुर्मिळ मृदा) धातू एकमेकांपासून वेगळे करायचे तर केरोसिनसारखे द्रावक आणि मिक्सर-सेटलरच्या (द्रावक आणि पाणी ढवळून पुन्हा वेगळे होऊ देणाऱ्या टाक्यांच्या) लांबच लांब रांगा, ही रूढ पद्धत. लॅनमोड्युलिन हे प्रथिन तेच काम पाण्यात करतं. पेन स्टेट विद्यापीठात जोसेफ कोत्रुवो यांच्या गटाला ते २०१८ मध्ये मेथायलोरुब्रम एक्स्टॉर्क्वेन्स या जिवाणूत सापडलं. जेमतेम १२ किलोडाल्टनचं. धातू धरायच्या चार जागा, त्यांतल्या तीन घट्ट. कॅल्शियमपेक्षा लॅन्थॅनाइडची (म्हणजे बहुतेक रेअर अर्थ धातूंची) ओढ सुमारे दहा कोटी पट. खाली १० मिली आगारोज बीडच्या (जेलच्या बारीक मण्यांच्या) कॉलमची, म्हणजे मणी भरलेल्या नळीची, कृती दिली आहे. बायोटेकच्या पदव्युत्तर प्रयोगशाळेत ती जमते.

आधी हिशोब

बीडवर बसवलेल्या प्रथिनाचा एक रेणू साधारण दोन आयन धरतो. दर मिली बीडवर २.५ मायक्रोमोल प्रथिन बसलं असं धरा. १० मिलीत ५० मायक्रोमोल धातू मावेल, म्हणजे ७.२ मिग्रॅ निओडिमियम. हार्ड डिस्कच्या १ ग्रॅम चुंबकात ते २७० मिग्रॅच्या आसपास असतं. कॉलम काठोकाठ भरला तरी एका ग्रॅमसाठी जवळजवळ ४० फेऱ्या! नुसतं लोखंड बाजूला काढायचं असेल तर हा खटाटोप करू नका. लोखंड फेरिक (Fe³⁺) रूपात ठेवून आम्लधर्मी द्रावात ऑक्झॅलिक आम्ल टाकलं तरी भागतं: रेअर अर्थ साक्यात बसतात, लोखंड द्रावात राहतं. प्रथिनाचं चीज होतं ते अगदी विरळ द्रावात, नाहीतर निओडिमियम आणि डिस्प्रोसियम (त्याहून जड रेअर अर्थ) यांची फारकत करताना. चुंबक इथे घेतला तो हात बसावा म्हणून.

प्रथिन

सिग्नल पेप्टाइड वगळलेलं जनुक मागवा आणि शेवटी ग्लायसिन-सेरिन-ग्लायसिन-सिस्टीन ही शेपटी जोडायला सांगा. जनुक वाहायला पीईटी-२४ए प्लाझ्मिड, प्रथिन बनवायला ई. कोलाय बीएल२१(डीई३) जिवाणू, ते सुरू करायला आयपीटीजी, हे नेहमीचंच. प्रथिन आम्लधर्मी असल्याने क्यू (ऋण भार धरणाऱ्या) कॉलमवर छान धरतं; शुद्धीकरणासाठी जोडतात त्या हिस-टॅग शेपटीची गरज नाही.

फसगत होते ती मोजणीत. या प्रथिनात ट्रिप्टोफॅन नाही, टायरोसिन एकच. २७५ नॅनोमीटरला मोलर शोषण फक्त १४००, म्हणजे १ मिलिमोलर द्रावाचं वाचन १.४ च्या आसपास. थोडी जरी इतर प्रथिनं राहिली तरी तीच जास्त प्रकाश शोषतात आणि आकडा फुगतो. त्यामुळे जेलवर एकच पट्टा दिसेपर्यंत वाचनावर विसंबू नका.

बीडवर बसवणं

अमाइन असलेली क्रॉसलिंक्ड आगारोज घ्या. एसएमसीसी हा जोडदुवा कोरड्या डीएमएसओमध्ये विरघळवून ५० मिलिमोलर हेपीस बफर, पीएच ७.५ मध्ये बीडसोबत तासभर हलवत ठेवा, मग भरपूर धुवा. इथे ट्रिस किंवा ग्लायसिन बफर चालत नाही, कारण त्यांचाच अमाइन जोडदुवा खाऊन टाकतो. फॉस्फेट तर पुढच्या कुठल्याच पायरीत नको. रेअर अर्थ फॉस्फेट पाण्यात विरघळत नाहीत आणि कॉलम आतून चोंदतो.

सिस्टीनमुळे प्रथिनाच्या जोड्या जमतात, त्या आधी डीटीटीने (गंधक-गंधक बंध तोडणाऱ्या रसायनाने) सोडवा. नंतर डीसॉल्टिंग कॉलमवर डीटीटी पूर्ण काढा, कारण उरलेला डीटीटी जोडदुव्याचं सिस्टीन पकडणारं टोक, मॅलिमाइड, आधी गाठतो आणि प्रथिन तसंच पाण्यात राहतं. जोडणी पीएच ७ ला, ४ अंशांवर रात्रभर.

चुंबकाचा द्राव

चुंबक ३५० अंशांवर तासभर तापवून चुंबकत्व घालवा, निकेलचं कवच सोलून टाका. तुकडे पाण्याखालीच फोडा. कोरडी बारीक पूड आपोआप पेट घेते. १ ग्रॅम तुकड्यांवर २ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल २० मिली, थोडं थोडं करत, फ्यूम हूडमध्ये. यातून सुमारे ४०० मिली हायड्रोजन निघतो, तेव्हा झाकण लावू नका आणि जवळ बर्नर नको.

द्राव गाळून जवळपास १ लिटर करा आणि ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ३ वर आणा. थेंब थेंब, ढवळत. घाईत ओतलं तर थेंब पडेल तिथेच गढूळपणा येतो. लोखंड फेरस (Fe²⁺) रूपात असेल तर पीएच ३ ला विरघळलेलं राहतं. द्राव दोन दिवस उघडा राहिला की पिवळसर होतो, ते फेरिक. मग साका बसतो, बीडवर तपकिरी थर धरतो आणि प्रवाह मंदावतो. म्हणून द्राव त्याच दिवशी वापरा, ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून.

फेरी

१० मिलिमोलर ग्लायसिन, पीएच ३, ५० मिली सोडून कॉलम तयार करा. द्रावात निओडिमियम १.८७ मिलिमोलर आहे; म्हणजे २७ मिलीत कॉलम भरेल. २० मिलीवर थांबा. वेग मिनिटाला १ मिली. मग त्याच बफरचे १०० मिली सोडा. लोखंड, बोरॉन, निकेल वाहून जातात. धातू उतरवायला पीएच १.५ चं हायड्रोक्लोरिक आम्ल, साधारण ३२ मिलिमोलर. पीएच १ च्या खाली जाऊ नका, आगारोज तुटते. उतरवल्यावर कॉलम लगेच पीएच ३ ला परत आणा.

प्रत्येक ५ मिलीचा भाग आर्सेनाझो-३ या रंगद्रव्याने पीएच २.८ ला तपासा. जांभळट गुलाबी रंग निळसर झाला की धातू आहे. मोजायचं तर ६५० नॅनोमीटरला. फेरिक लोखंड इथेही गोंधळ घालतं, म्हणून एखादा नमुना आयसीपीवर (धातू मोजणाऱ्या यंत्रावर) पाठवाच.

भरतानाच धातू लवकर गळायला लागला तर आधी पीएच पाहा: २.५ च्या खाली पकड सुटू लागते. पीएच बरोबर असेल तर प्रथिन कमी बसलंय. दर फेरीला क्षमता घटत असेल तर बहुधा फेरिकचा थर.

डिस्प्रोसियमही असेल तर आम्ल एकदम चढवू नका. या प्रथिनाला हलके लॅन्थॅनाइड जास्त मानवतात, त्यामुळे पीएच २.१ च्या आसपास डिस्प्रोसियम आधी सुटतं, १.७ ला निओडिमियम. फारकत अर्धवटच होते. मधला भाग परत चढवावा लागतो. हान्सश्लेगेलिया क्वेर्कस या जिवाणूतलं लॅनमोड्युलिन हलका धातू मिळाला की जोडी करून बसतं. २०२३ मध्ये त्याने एकाच टप्प्यात दोन्ही धातू ९८ टक्क्यांहून शुद्ध मिळाले. नवं जनुक मागवणार असाल तर तेच घ्या.

उतरवलेले भाग साठवा. एका फेरीच्या साधारण साडेपाच मिग्रॅमधून साका नीट बसत नाही. दहा फेऱ्यांच्या द्रावात, म्हणजे सुमारे ४०० मायक्रोमोलला, ऑक्झॅलिक आम्ल डायहायड्रेट १५० मिग्रॅ टाका, रात्रभर ठेवा, गाळा आणि ९०० अंशांवर भाजा. निळसर ऑक्साइड मिळतं, जास्तीत जास्त ६७ मिग्रॅ.

कॉलम २० टक्के इथेनॉलमध्ये, ४ अंशांवर ठेवा. सोडियम अझाइड वापरू नका. पुढच्या फेरीचं आम्ल लागताच त्यातून विषारी हायड्राझोइक आम्ल सुटतं.

चंद्रपूर, कोराडीसारख्या औष्णिक केंद्रांच्या राखेवर हात आजमावायचा तर अडचण वेगळी. राखेतले रेअर अर्थ बरेचसे काचेत अडकलेले असतात, सौम्य आम्लात थोडेच येतात, आणि सोबत ॲल्युमिनियम मात्र ढिगाने. पीएच ३ च्या फार वर गेलात तर तेही साकळतं. मोनाझाइट वाळू मात्र घेऊच नका: तिच्यात थोरियम असतं आणि ती अणुऊर्जेसंबंधीच्या कायद्याच्या कक्षेत येते.