डी अँड डीमध्ये करड्या स्वभावाचे पात्र उभे करताना

डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या भूमिका वठवण्याच्या खेळात नव्या खेळाडूच्या हाती कॅरॅक्टर शीट, म्हणजे पात्राची माहिती भरायचा कागद, दिले की नाव आणि वंश लिहून झाल्यावर त्याची पेन्सिल हमखास अलाइनमेंटच्या, म्हणजे पात्राच्या नैतिक कलाच्या, रकान्याशी अडते. ज्याला धड सज्जन नाही आणि धड दुर्जनही नाही असे पात्र हवे असते, तो थोडा विचार करून तेथे ‘केऑटिक न्यूट्रल’ (नियमांना न जुमानणारा, पण चांगल्या-वाइटात तटस्थ) लिहून मोकळा होतो. सांगलीत रविवारी दुपारी जमणाऱ्या आमच्या गटात मी डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळाचा सूत्रधार) म्हणून बसतो आणि नव्यांना पहिला सल्ला हाच देतो की, तो रकाना सर्वांत शेवटी भरावा.

या रकान्याचा इतिहास थोडक्यात ठाऊक असावा. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी १९७४ साली डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ प्रसिद्ध केला, तेव्हा लॉ (नियम), न्यूट्रॅलिटी (तटस्थता) आणि केऑस (बेबंदपणा) असे तीनच पक्ष होते. चांगले-वाईट हा दुसरा अक्ष नंतर जोडला गेला आणि १९७८ च्या खेळाडूंसाठीच्या नियमपुस्तकात आज परिचित असलेला नऊ घरांचा तक्ता स्थिरावला. त्या काळी पक्ष बदलणाऱ्या पात्राला एक लेव्हल (प्रगतीची पायरी) गमवावी लागे आणि जाणूनबुजून दुष्कृत्य करणाऱ्या पॅलाडिनचे (धर्मयोद्ध्याचे) पॅलाडिनपण कायमचे जाई. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने घरे पाचांवर आणली, २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने नऊ परत आणली. मात्र पॅलाडिन आता अलाइनमेंटला नव्हे, तर स्वतः घेतलेल्या शपथेला बांधलेला असतो. हा बदल मला फार योग्य वाटतो, कारण माणूस कोणत्या घरात बसतो यापेक्षा तो कोणत्या शब्दाला जागतो, यावरून त्याची ओळख अधिक पटते.

‘लॉफुल’ या शब्दाचा अर्थ मात्र नीट लावला पाहिजे. तो ‘सरकारी कायदा पाळणारा’ असा घेतला तर आपल्याच भागाचा इतिहास या तक्त्यात बसणार नाही. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्याच्या काही भागासह, प्रतिसरकार चालले. ते इंग्रजांच्या दृष्टीने बेकायदा होते, परंतु त्याची स्वतःची न्यायदान मंडळे होती आणि गावगुंडांना त्याचा धाक होता. खेळाच्या भाषेत ही वृत्ती केऑटिक ठरत नाही. एका कायद्याला नाकारून दुसरा, अधिक न्याय्य वाटणारा कायदा उभा करणारा माणूस लॉफुलच असतो, फक्त त्याची निष्ठा दुसरीकडे असते. त्यामुळे शीटवर ‘लॉफुल’ लिहिण्यापूर्वी ‘कोणाच्या नियमांशी?’ हे खेळाडूने स्वतःला विचारावे. विभीषण आणि कुंभकर्ण या दोघा भावांनाही रावणाचे चुकते आहे हे कळत होते. एकाने बाजू सोडली, दुसरा त्याच बाजूने लढून मेला. यांतला अधिक लॉफुल कोण, हा वाद आमच्या टेबलावर अख्खा एक सेशन चालला आणि त्या दिवशी डाइस जवळजवळ हातातच घेतले गेले नाहीत.

आता प्रत्यक्ष पात्राकडे वळू. कृष्णेचा पूर जवळून पाहिलेल्या आमच्या एका खेळाडूने एक नावाडी रचला होता. हा कल्पित नावाडी महापुरात अडकलेल्या लोकांना माणशी दाम घेऊन पैलतीरी नेई, पैसे नसतील तर अंगावरचा दागिना उतरवून घेई. पण सोबत तान्हे मूल असेल तर दर सांगत नसे. पुढे तो ‘रोग’ (इंग्रजी Rogue, म्हणजे चोरटा, हिकमती) या वर्गाचा साहसवीर झाला. हे पात्र उत्तम चालले, कारण त्याला हवे काय हे स्पष्ट होते, ते हवे असण्यामागे बुडालेल्या घराचे कारण होते आणि कितीही मोठ्या रकमेसाठी तो जे करणार नाही, अशी एक गोष्ट ठरलेली होती. ही तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. ती नसलेले पात्र करडे राहत नाही. ते लवकरच एक तर खलनायक होते किंवा विदूषक. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतील आदर्श, बंध आणि दोष हे रकाने नेमके यासाठीच होते. अशा गोष्टी ठरल्या की अलाइनमेंट बहुधा आपोआप दिसू लागते.

चौथी अट पार्टीची, म्हणजे एकत्र साहसाला निघालेल्या पात्रांच्या चमूची आहे. आमच्याकडे एकदा एका खेळाडूच्या पात्राने झोपलेल्या सोबत्यांच्याच थैल्या रिकाम्या केल्या आणि जाब विचारल्यावर ‘माझे कॅरॅक्टर असेच वागले असते’ हे उत्तर दिले. ते खरेही असेल. परंतु ते कॅरॅक्टर रचले कोणी होते? त्यानंतर तीन आठवडे गट जमला नाही, आणि दोष माझाही होता, कारण पहिल्या डावाआधीच्या बैठकीत काय चालेल व काय चालणार नाही हे मी ठरवून घेतले नव्हते. स्वार्थी पात्रालाही या चार जणांसोबत राहण्याचे एक पक्के कारण हवे: कर्ज, नाते, समान शत्रू, काहीही. पार्टीत कडक शपथेचा पॅलाडिन असेल तर त्याच्या खेळाडूशी आधी बोलून, दोघांत खटका कुठपर्यंत ताणायचा हे ठरवावे. पात्रे भांडावीत, खेळाडूंनी नव्हे.

डीएमने अशा पात्राला प्रवचन देऊ नये, पेच द्यावा. मी त्या नावाड्यापुढे एक बंधारा ठेवला होता: दरवाजे उघडले तर खालचे गाव बुडणार, न उघडले तर वरचे शहर. गाव रिकामे करण्यास एक रात्र हवी होती आणि शहराचा सावकार दरवाजे लगेच उघडण्यासाठी थैली घेऊन उभा होता. नावाड्याने थैली घेतली, दरवाजे मात्र पहाटेपर्यंत उघडले नाहीत. शहराची खालची पेठ पाण्यात गेली, सावकाराने त्याच्यावर इनाम लावले आणि पुढचे सहा सेशन त्या एका रात्रीतून निघाले. त्याच्या शीटवरील ‘न्यूट्रल’ हा शब्द त्या खेळाडूने खोडला खरा. त्या जागी काय लिहायचे, हे मात्र त्याने अजून ठरवलेले नाही आणि मीही त्याला घाई केलेली नाही.