पहिली पोझ टाकण्याआधी

मजकुरावर चालणारा ऑनलाइन गेम निवडताना आधी त्याचं घराणं बघा. अशा सगळ्याच गेमना लोक सरसकट ‘मड’ म्हणतात. ते नाव आलं 1978 साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉने सुरू केलेल्या आणि पुढे रिचर्ड बार्टलने पूर्णत्वाला नेलेल्या गेमवरून. पण आज रोलप्लेसाठी, म्हणजे एखादं पात्र होऊन गोष्ट खेळण्यासाठी, येणाऱ्या माणसाला दोन वेगळ्या वाटा दिसतात. 1989 साली जेम्स ॲस्पनेसने टायनीमड लिहिला आणि त्यातून राक्षस मारून गुण मिळवण्याचा भाग काढून टाकला. उरल्या त्या खोल्या, माणसं आणि गप्पा. त्याच्यापासून मश नावाचं घराणं निघालं. तिथे खेळाडू एकेक परिच्छेद (त्याला ‘पोझ’ म्हणतात) लिहून आळीपाळीने गोष्ट पुढे नेतात आणि भांडणाचा निकाल बरेचदा आपसात बोलून किंवा फासे टाकून लागतो. दुसरी वाट 1991 साली कोपनहेगन विद्यापीठातून बाहेर आलेल्या डिकूमडसारख्या गेमची. तिथे तलवारीचा घाव संगणक मोजतो. या वाटेवरच्या रोलप्लेला वाहिलेल्या कडक गेमना आरपीआय (रोलप्ले इंटेन्सिव्ह) म्हणतात. त्यांत भूक, तहान, जखमा सगळं कोडमध्ये असतं, अनोळखी माणसाचं नाव दिसत नाही, ‘उंच, पिंगट केसांची बाई’ एवढंच दिसतं, आणि पात्र मेलं की कायमचं मरतं.

यातलं चांगलं-वाईट काही नाही, पण तयारी मात्र वेगळी लागते. मशवर एक पोझ लिहायला दहा मिनिटं घेतली तरी कुणी रागावत नाही. आरपीआयमध्ये दोन ओळींची इमोट, म्हणजे पात्राची कृती सांगणारी छोटी पोझ, पटकन टाकावी लागते, कारण समोरचा माणूस तोवर खोलीतून निघून गेलेला असतो. तुम्हाला सावकाश लिहायला आवडतं की तत्काळ उत्तर द्यायला, हे स्वतःला विचारा. मी नवख्या माणसाला मशकडे पाठवते. चूक झाली तर तिथे थांबून बोलता येतं.

गेम चालू आहे की नाही हे बघताना नुसत्या आकड्यावर जाऊ नका. ‘हू’ ही आज्ञा दिली की जोडलेल्या लोकांची यादी येते आणि पुष्कळ ठिकाणी तिच्यात ‘आयडल’ नावाचा रकाना असतो, म्हणजे त्या माणसाने शेवटची कळ दाबून किती वेळ झाला ते. यादीत पन्नास नावं आणि त्यातली पंचेचाळीस तीन तासांपासून गप्प, असं चित्र नेहमीचं आहे. दहाच नावं असून सात जण गेल्या दोन मिनिटांत हललेले असतील, तर तो गेम जास्त जिवंत. हे वेगवेगळ्या वेळी तीन-चारदा करून बघा. बहुतेक गेमना त्यांच्या सर्व्हरच्या वेळेची एक ठरलेली गजबज असते. ती तुमच्या झोपेच्या वेळेवर येत असेल तर गेम कितीही सुंदर असला तरी तुम्ही रिकाम्या खोल्यांतून फिरत राहाल. ज्या वेळेला तुम्ही आठवड्यातून दोनदा तरी नक्की बसू शकता, त्या वेळेला तिथे माणसं हवीत.

आता क्लायंट, म्हणजे तुम्हाला गेमच्या सर्व्हरशी जोडून देणारा प्रोग्रॅम. ब्राउझरमधून चालणारे गेम आहेत आणि पायथनमध्ये लिहिलेल्या एव्हेनियासारख्या नव्या इंजिनवरचे गेम तर ती सोय मुळातच देतात. तरीही वेगळा क्लायंट घ्याच. मडलेट फुकट आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतो. मशक्लायंट विंडोजवर वर्षानुवर्षं वापरात आहे आणि स्क्रीन रीडर वापरणारे अंध खेळाडूही तो मोठ्या प्रमाणावर वापरतात. (मजकुराचे गेम त्यांना इतर बहुतेक ऑनलाइन गेमपेक्षा बरोबरीने खेळता येतात, आणि या छंदाची ही बाजू मला फार मोलाची वाटते.) क्लायंटला दोनच गोष्टी सांगायच्या असतात: सर्व्हरचा पत्ता आणि पोर्टचा क्रमांक. जोडलं गेल्यावर पहिल्याच दिवशी तीन कामं करा. एक, लॉग, म्हणजे स्क्रीनवर आलेल्या सगळ्या मजकुराची नोंद, आपोआप साठवला जाईल अशी सोय. दोन, आपल्या पात्राचं नाव आलं की ती ओळ रंगीत दिसेल असा ट्रिगर, म्हणजे धावत्या मजकुरात कुणी तुम्हाला उद्देशून बोललं तर ते निसटणार नाही. तीन, अक्षराचा आकार मोठा. तीन-तीन तास वाचायचं आहे.

पासवर्ड मात्र नवा ठेवा, दुसरीकडे कुठेही न वापरलेला. जुने गेम टेलनेट नावाच्या जुन्या जोडणीच्या पद्धतीवर चालतात आणि साध्या टेलनेटवर तुम्ही टाइप केलेलं प्रत्येक अक्षर उघडंच प्रवास करतं. गेम सुरक्षित पोर्ट देत असेल तर तोच घ्या.

मजकूर पाठवण्यातली एक खुबी आधीच माहीत असलेली बरी. लांब पोझ बरेच जण दुसऱ्या साध्या एडिटरमध्ये लिहितात आणि मग चिकटवतात. ते ठीक, पण मधे एंटर दाबलेला असेल तर सर्व्हर पहिली ओळ पोझ समजतो आणि दुसरी ओळ नवी आज्ञा समजतो. अर्धं वाक्य खोलीत जातं, उरलेल्याला ‘ही आज्ञा कळली नाही’ असं उत्तर येतं. मशवर नवी ओळ हवी असेल तर टक्क्याची खूण आणि तिला जोडून इंग्रजी आर, असं लिहायचं असतं. काही क्लायंट अर्धविरामाला दोन आज्ञांमधला विभाजक मानतात, तेही सेटिंगमध्ये जाऊन तपासा. वर्ड प्रोसेसरमधली वळणदार अवतरणचिन्हं जुन्या सर्व्हरवर प्रश्नचिन्हं होऊन उमटतात. देवनागरीचंही तेच होतं, कारण यातले कित्येक गेम साध्या इंग्रजी अक्षरांपलीकडचं काही ओळखत नाहीत. खेळ बहुतेक ठिकाणी इंग्रजीतच चालतो, तेव्हा इंग्रजी लिहिण्याची भीती असेल तर ती मनातून काढा. अलंकारिक भाषेपेक्षा स्पष्ट, छोटं वाक्य तिथे जास्त आवडतं.

खातं उघडण्याआधी पाहुणा म्हणून आत जा. पुष्कळ मश आणि मू (मशसारखंच आणखी एक घराणं) गेममध्ये ‘गेस्ट’ नावाने जोडता येतं. गेस्टने चॅनलवर, म्हणजे खेळाडूंच्या सामाईक गप्पांच्या जागी, प्रश्न विचारावेत, लोकांना तेच अपेक्षित असतं. मग थीमच्या, म्हणजे त्या गेमच्या जगाची माहिती देणाऱ्या, फाइली वाचा. सगळ्या नकोत, पण तीन गोष्टी नक्की शोधा: या जगात काय अशक्य आहे, आत्ता कशावरून ताण चालू आहे, आणि नव्या माणसांची कुठे गरज आहे. शेवटचा प्रश्न स्टाफला, म्हणजे गेम चालवणाऱ्यांना, सरळ विचारता येतो. बंदर सांभाळणाऱ्या गटात माणसं कमी आहेत, असं उत्तर आलं तर समजा तुमचं अर्धं पात्र तयार झालं.

इथे मी थांबून सविस्तर लिहिणार आहे, कारण माझा पहिला महिना याच जागी वाया गेला. मी अकरा पानांची पूर्वकथा लिहिली होती. आईवडील गमावलेला, कुणावर विश्वास न ठेवणारा, अबोल मारेकरी. स्टाफने ती मंजूर केली, कौतुकही केलं. मग मी त्याला खानावळीच्या कोपऱ्यात बसवलं आणि तीन संध्याकाळी तो तिथे बसून राहिला. लोक येत, त्याच्याकडे बघत, एखादं वाक्य टाकत. तो टोपी पुढे ओढून घेई. कुणालाही त्याच्याशी पुढे बोलायला काही उरत नसे आणि मला वाटे की इथली माणसं शिष्ट आहेत. चौथ्या दिवशी एका जुन्या खेळाडूने खासगीत विचारलं, “त्याला हवंय काय?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. अकरा पानांत त्याच्या आयुष्यात काय झालं ते सगळं होतं. त्याला उद्या कुणाकडे तरी जावं लागेल असं एकही कारण नव्हतं.

तेव्हा पात्र बनवताना पूर्वकथा दहा ओळींत आटपा आणि उरलेला वेळ याला द्या: त्याला दुसऱ्यांची गरज कशासाठी आहे? वाचता न येणारी व्यापारीण, जिला रोज कुणाकडून तरी पत्रं वाचून घ्यावी लागतात. नुकताच बदली होऊन आलेला पहारेकरी, ज्याला गावातल्या वाटा माहीत नाहीत. कर्ज झालेला वैद्य. या तिघांपैकी कुणीही खोलीत आला की तोंड उघडतोच. काम असं द्या की लोक आपणहून त्याच्याकडे येतील. रहस्य असेल तर ते कुणाला तरी सापडू शकेल असं ठेवा. नवख्याने राजा, हेर किंवा शेवटचा उरलेला कुणीही होऊ नये असं माझं ठाम मत आहे, कारण या सगळ्यांना बोलण्यापेक्षा लपण्यात जास्त रस असतो. काही गेममध्ये तयार पात्रांची यादी असते, रोस्टर म्हणतात तिला. तिथून एखादं उचलणं ही पहिल्या वेळेला उत्तम सोय आहे. भाऊ, वैरी, जुनं प्रेम, सगळं आधीच जोडलेलं मिळतं.

पोझ लिहिण्याचा सराव एकट्याने करा, रिकाम्या खोलीत किंवा एडिटरमध्ये. रीत बहुधा तृतीय पुरुषी आणि वर्तमानकाळी. सगळ्यात जपायची गोष्ट ही की दुसऱ्याच्या पात्राने काय केलं, त्याला काय वाटलं, ते तुम्ही ठरवायचं नाही. समजा तुमचा तारन इराच्या हातातलं पत्र मिळवू बघतोय. ‘तारन पत्र हिसकावून घेतो आणि इरा घाबरून मागे सरते’, असं लिहिलंत तर इराच्या खेळाडूला करायला काही राहिलंच नाही. याला पॉवरपोझिंग म्हणतात आणि लोक त्यावर खरोखर चिडतात. त्याऐवजी असं लिहा: ‘तारन टेबलावरून पुढे झुकतो. हात पत्राकडे जातो, पण बोटं कागदापासून वीतभर अलीकडे थांबतात. “हे अक्षर मी ओळखतो,” तो हळूच म्हणतो.’ आता इरा पत्र मागे घेऊ शकते, पुढे करू शकते, दिव्यावर धरू शकते, कुणाचं अक्षर म्हणून विचारू शकते. पोझ संपताना समोरच्याच्या हाती असं एखादं टोक यावं. विचार लिहायचे तर चेहऱ्यावर दिसतील तेवढेच. ‘मनातून तो तिला तुच्छ मानतो’ याला इरा उत्तर देऊच शकत नाही.

आज्ञा चार-पाचच पाठ करा: बघायला ‘लुक’, बोलायला ‘से’, कृतीला ‘पोझ’ किंवा ‘इमोट’, खासगी निरोपाला मशवर ‘पेज’ आणि मडवर बहुधा ‘टेल’. बाकी ‘हेल्प’मधून मिळतं. पेज आणि पोझ यांची गल्लत होऊन खासगी वाक्य भर दरबारात जाणं हे प्रत्येकाच्या हातून एकदा होतं, लोक हसून सोडून देतात.

आयसी आणि ओओसी हे शब्द पहिल्या तासात कानावर येतील. आयसी म्हणजे पात्राच्या आतलं, ओओसी म्हणजे खेळाडू म्हणून बाहेरचं. चॅनलवर तुम्हाला कळलं की खजिना विहिरीत आहे, तरी तुमच्या पात्राला ते माहीत नाही. आणि उलटही तितकंच खरं: दुसऱ्या पात्राने तुमच्या पात्राचा अपमान केला म्हणजे त्याच्या खेळाडूने तुमचा केला असं नाही. मन दुखलंच तर ओओसीत विचारा, “आपण ठीक आहोत ना?” एवढं पुरतं.

स्वतःच्या मर्यादा आत जाण्याआधी कागदावर लिहा. छळ, प्रेमप्रसंग, लहान मुलांवरचं संकट, जे तुम्हाला लिहायचं वाचायचं नाही ते. प्रसंग तिकडे वळू लागला की ‘फेड टू ब्लॅक’ म्हणायचं, म्हणजे तो पडद्याआड झाला असं धरून पुढे जायचं. कारण द्यावं लागत नाही. कुणी कारण मागत राहिला तर त्याला इग्नोरवर टाका, लॉग जपा आणि स्टाफला कळवा. खरं नाव, राहण्याची जागा, फोटो हे बाहेरच ठेवा. महिनोन्महिने रोज सोबत लिहिणाऱ्या माणसाशी जवळीक वाटू लागते आणि ती खरीही असते, पण घाई नको. बरेच गेम अठरा वर्षांवरच्यांसाठीच असतात, तो नियम पाळा.

मग पहिला सीन, म्हणजे इतरांसोबत खेळायचा पहिला प्रसंग. मोठ्या सोहळ्यात जाऊ नका, वीस जणांच्या पोझ डोळ्यांसमोरून धावतात. दोन-तीन माणसांची सार्वजनिक जागा शोधा, ओओसीत विचारा, “नवीन आहे, येऊ का?” आणि आधी खोलीचं वर्णन व प्रत्येकाचं वर्णन ‘लुक’ने वाचा. सध्या काय चाललंय ते कुणीतरी दोन ओळींत सांगेल. पोझचा क्रम विचारा. कुठे ठरलेला क्रम असतो, कुठे तुमच्यानंतर तीन जणांच्या पोझ झाल्या की तुम्ही पुन्हा लिहू शकता असा नियम असतो. दोन तास मोकळे ठेवा, आणि मधेच उठायची वेळ आली तर पात्राला दाराबाहेर जाण्याचं एखादं कारण देऊन जा. नुसतं गप्प होऊ नका, बाकीचे तुमच्या पोझची वाट बघत बसतात. शेवटी खेळाडूंना ओओसीत धन्यवाद द्या. त्याच रात्री लॉग उघडून एका वहीत तीन रकाने करा: कोण भेटलं, त्यांना काय हवं होतं, तुमच्या पात्राने कुणाला काय कबूल केलं. पुढच्या वेळी आत शिरल्यावर तिसऱ्या रकान्यातल्या पहिल्या माणसाला पेज करा.