रिकामी जागा भरताना आधी पर्याय झाका

पंचवटीत मी पोलीस भरतीच्या मुलामुलींना मराठी शिकवते. पहाटेपासून मैदानावर घाम गाळणारी ही मुलं रिकाम्या जागेच्या प्रश्नात हातचे गुण घालवतात, तेव्हा जीव तुटतो. शब्द बहुतेकदा माहीत असतो. वाक्य पुरतं वाचलेलं नसतं.

लेखी परीक्षेत 100 प्रश्न आणि 90 मिनिटं, त्यामुळे घाई होणारच. तरी पर्यायांवर तळहात ठेवा, वाक्य पूर्णविरामापर्यंत वाचा, मनात स्वतःचा शब्द घाला आणि मगच हात काढा. पर्याय आधी पाहिले की चारही बरोबर वाटू लागतात.

हे वाक्य घ्या : ‘पहाटे द्राक्षबागेवर दाट ______ पडले आणि दहा पावलांवरचा माणूस दिसेना.’ पर्याय : थंडी, दव, धुके, गारा. आधी क्रियापद बघा. ‘पडले’ इथे नपुंसकलिंगी एकवचनी आहे. थंडी असती तर ‘पडली’ आलं असतं, गारा असत्या तर ‘पडल्या’. दोन पर्याय तिथेच उडाले. दव आणि धुके दोन्ही ‘ते’, म्हणून आता अर्थाकडे वळा. दवाने समोरचा माणूस दिसेनासा होत नाही. उत्तर धुके. निफाड-दिंडोरीकडची, बागायतदारांच्या घरातली मुलं नेमकी इथे फसतात, कारण द्राक्षबाग म्हटलं की त्यांना आधी दव आठवतं.

लिंगाची शंका आली, तर शब्दाआधी तो, ती, ते लावून पुटपुटून बघा. घरी अहिराणी बोलणाऱ्यांना मी रोज अग्रलेख मोठ्याने वाचायला सांगते. सावानात, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात, जाऊन बसा. 1840 सालापासूनचं वाचनालय आपल्या गावात आहे, त्याचा उपयोग करा.

दुसरी खूण म्हणजे जोडणारा शब्द. ‘धरण काठोकाठ भरले होते, तरीही पाणी ______ वापरावे, असे आवाहन पालिकेने केले.’ इथे ‘तरीही’ने वाक्य उलटं फिरवलं, म्हणून ‘जपून’. त्या जागी ‘त्यामुळे’ असतं आणि शेवटी आवाहनाऐवजी ‘लोक पाणी ______ वापरू लागले’ असतं, तर ‘सढळपणे’ चाललं असतं. पण, तरी, म्हणून, कारण, जरी यांच्याखाली पेन्सिलीने रेघ मारायची सवय सरावातच लावा. ‘मुळीच’ आणि ‘कदापि’ यांना पुढे नकार लागतो. ‘क्वचितच’मध्ये तो आतच असतो, म्हणून ‘तो क्वचितच येतो’.

वाक्प्रचाराला मात्र तर्क चालत नाही. ‘पोलिसांच्या हातावर ______ देऊन चोर पसार झाला’ यात तुरीच येणार, डाळ नाही. हे पाठच करावं लागतं. अपेक्षा-उपेक्षा, दिन-दीन अशा जोड्यांचंही तेच.

दोन रिकाम्या जागा असतील तर दुसरीपासून सुरुवात करा. बरेच जण पहिली जुळली की खूण करून मोकळे होतात आणि दुसरीकडे बघतच नाहीत. दुसरी आधी तपासली की न बसणारे पर्याय लगेच गळतात.

एमपीएससी देणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं : तिथे वस्तुनिष्ठ परीक्षेत चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे 25 टक्के गुण कापले जातात. दोन पर्याय कारणासकट खोडता आले, तर उरलेल्यांतला एक निवडा. एकही खोडता येत नसेल, तर प्रश्न सोडा आणि पुढे जा.