मनी पिल्लांना जवळ घेईना

सिझेरियन करून मनीला घरी आणलं, तीन पिल्लं खोक्यात. भुलीच्या गुंगीत ती त्यांच्यावरच फिस्कारली. माझ्या पोटात गोळा आला. ती पुरती शुद्धीवर येईपर्यंत पिल्लं वेगळी ठेवली, गरम पाण्याच्या बाटलीला फडकं गुंडाळून. आधी ऊब, मग दूध. गारठलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. पिल्लांसाठीची दूध पावडर दर दोन तासांनी, पालथं धरूनच पाजली. गाईचं दूध अजिबात नाही. ओल्या कापसानं पुसून शू-शी करवली. मग मनीचंच दूध बोटावर घेऊन त्यांच्या पाठीला चोळलं, टाके हातानं झाकून एकेकाला आचळाला लावलं. पहाटे तिनं धाकट्याचं डोकं चाटलं! आता रोज स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करते. 10 ग्रॅम वाढले की जीव भांड्यात पडतो.